गावच्या जुन्या मोजणी नोंदींतील शेतांची नावे आणि घरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या गावातील शेते, वस्त्या, देवळे, विहिरी आणि वाडे यांची जुनी नावे शोधणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतून हे पान तयार झाले आहे. उत्तरे मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातील गावांना लागू पडतात. मराठवाडा, विदर्भ आणि कोकण यांतील वेगळेपणा प्रश्न १२ मध्ये सांगितला आहे. जमिनीच्या वादासाठी कागद हवे असणाऱ्यांनी आधी प्रश्न १४ वाचावा.

१. गावाच्या "मोजणी नोंदी" म्हणजे नेमके काय, आणि त्या केव्हापासूनच्या मिळतात?

शेतसारा ठरवण्यासाठी सरकारने गावाची जमीन मोजून, तिची प्रत (म्हणजे कसानुसार दर्जा) लावून जे कागद तयार केले, ते म्हणजे मोजणीचे अभिलेख. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस केलेली पाहणी निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबावर उभी होती. तो हिशेब चुकला, सारा जड झाला आणि शेतकरी गावे सोडू लागले. त्यानंतर १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीने काम सुरू केले. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले आणि तीस वर्षांच्या मुदतीचा आकार (म्हणजे शेतसारा) ठरवणारी ही पद्धत इलाखाभर पसरली. आज आपण "सर्व्हे नंबर" म्हणतो तो या मोजणीचा.

मोजणी शंकू-साखळीने होत असे. साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे माप लक्षात ठेवावे, कारण जुन्या टिपणावर दिसणारे आकडे फुटांत नसून साखळी-आण्यांत असतात, आणि ते फूट समजून जागेवर शोध घेतला तर विहीर एका शेतात आणि आपण भलत्याच शेतात अशी गत होते.

याही आधी मलिक अंबराच्या काळापासून पाहण्या झाल्या आहेत, आणि शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी काठीने जमीन मोजवली होती. गावोगावच्या शेतांची नावे मात्र पेशवाईतील थळझाड्यांसारख्या कागदांत अधिक भेटतात. "थळ" म्हणजे नाव असलेला जमिनीचा तुकडा, आणि पुष्कळ थळांना मूळ मिरासदार (वंशपरंपरागत जमीनधारक) कुळाचे नाव असे. सर्व्हे नंबर येण्याआधी शेताची ओळख त्याच्या नावाने होती, हे या कागदांवरून स्पष्ट दिसते.

२. हे कागद कोणकोणते, आणि कुठल्या कार्यालयात मागायचे?

टिपण म्हणजे एकेका सर्व्हे नंबरचा मापांसह काढलेला कच्चा आराखडा. शेतवार पत्रकात नंबरवार क्षेत्र, प्रत आणि आकार असतो. आकारबंद हा गावाच्या एकूण जमिनीचा हिशेब. आणि गावनकाशावर हे सारे एकत्र मांडलेले दिसते. पुढे विसाव्या शतकात एका नंबराचे हिस्से पडले, तेव्हा फाळणीचे नकाशे आणि गुणाकार बुके (क्षेत्राच्या हिशेबाच्या वह्या) तयार झाली. हे सर्व तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात असते. फेरफार, जुने सातबारे आणि त्याआधीची हक्कनोंदणीची पत्रके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात; हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, म्हणून त्यामागचे फेरफार शोधण्यात वेळ घालवू नये. पेशवाईतील आणि इनाम कमिशनचे (इनामांच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाचे) कागद पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधलेले आहेत.

अर्जात "जुने सर्व कागद द्यावेत" असे लिहिल्यास बहुधा काहीच हाती लागत नाही. मौजे, तालुका, सर्व्हे नंबर आणि कागदाचे नाव, एवढे चारही तपशील लिहावेत.

३. सातबाऱ्यावर "शेताचे स्थानिक नाव" अशी जागा आहे, पण आमच्या उताऱ्यावर ती रिकामी आहे. नाव कुठे मिळेल?

मला सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच, आणि त्यात शेतकऱ्याची जी हुरहुर असते ती मला पूर्ण समजते. संगणकीकृत उताऱ्यांवर ही जागा अनेकदा कोरी असते. हस्तलिखित सातबाऱ्यांवर मात्र ती पुष्कळ वेळा भरलेली होती. म्हणून प्रथम आपल्या नंबराचे जुने हस्तलिखित सातबारे, मिळतील तितक्या मागच्या वर्षांचे, काढावेत. ते न मिळाल्यास फेरफाराच्या मजकुरात पाहावे, कारण वाटणीची वर्दी देताना लोक नंबरासोबत शेताचे नावही सांगत आणि तलाठी ते उतरवून घेत असे. तिसरी जागा म्हणजे घरातली जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे. त्यांतील चतुःसीमेत आपल्या शेताचेच नव्हे, चारी बाजूंच्या शेतांची नावेही सापडतात. एकाच दस्तात पाच नावे मिळालेली मी पाहिली आहेत.

नाव जुन्या सातबाऱ्यावर असून नव्या उताऱ्यावर उतरवताना गळले असेल, तर जुनी नक्कल जोडून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. हा अर्ज अवश्य करावा असे माझे मत आहे. क्षेत्र आणि खातेदार यांच्यात काहीही बदल न होता शेताला त्याचे नाव परत मिळते.

४. जुन्या कागदावर सर्व्हे नंबर आहे आणि आमच्याकडे गट नंबर. दोन्ही जुळवायचे कसे?

१९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत जवळजवळचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडले गेले आणि नंबर पूर्णपणे बदलले. सर्व्हे नंबर ४० चा गट ४० होतो अशी समजूत आढळते, ती चूक आहे. एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात जुना नंबर-हिस्सा आणि त्याचा नवा गट समोरासमोर दिलेला असतो. तेच जुळणीचे साधन. त्यासोबत एकत्रीकरणापूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन्ही गावनकाशे शेजारी ठेवावेत आणि ओढा, गाडीवाट, शीव अशा न हललेल्या खुणांवरून ताळा करावा. सगळ्या गावांत ही योजना राबवली गेलेली नाही, त्यामुळे काही ठिकाणी सर्व्हे-हिस्सा नंबरच आजही चालू आहेत.

एका गटात दोन-तीन जुनी शेते मिसळली असतील तर सगळी नावे टिपावीत. गटाला एकच नाव हवे म्हणून उरलेली सोडून देऊ नयेत.

५. शेतांची एवढी बारीक नोंद आहे, मग गावातल्या घरांची आणि वाड्यांची का सापडत नाही?

गावाने स्वतःच आपली जमीन दोन नावांनी ओळखली आहे: पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. मोजणी सरकारने केली ती साऱ्यासाठी, आणि सारा काळीवर होता. म्हणून काळीतला प्रत्येक बांध मोजला गेला, आणि पांढरीभोवती एक रेघ ओढून आत "गावठाण" एवढेच लिहिले गेले. वेस, गढी, पाटलाचा वाडा, कुंभारआळी, तालीम हे सारे त्या एका रेघेच्या आत नकाशावर कोरे पडले आहे. हे कागद वाचताना मला दर वेळी याच कोऱ्या जागेचे वाईट वाटते, पण त्यात मोजणीदाराची हयगय नव्हती. त्याला जे काम सांगितले होते ते त्याने केले.

पांढरीचा शोध म्हणून अन्य कागदांत घ्यावा लागतो. पेशवाईत व्यापारी आणि कारागिरांकडून मोहतर्फा नावाची पट्टी घेतली जाई, तिच्या याद्यांत कसब्यांमधील दुकाने आणि कसबी लोक भेटतात. पुढच्या काळात दोन हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावठाणांचे नगर भूमापन झाले. तुमचे गाव त्यांत असल्यास चौकशी नोंदवही जरूर पाहावी. मालमत्ता पत्रक फक्त धारकाचे नाव सांगते, तर चौकशी नोंदवहीत ती जागा त्याच्याकडे कशी आली याचा वृत्तान्त असतो, आणि त्या ओघात "जुन्या चावडीची जागा" किंवा "पडका वाडा" असे उल्लेख येऊन जातात.

लहान गावठाणे बहुतेक अलीकडेपर्यंत मोजलेलीच नव्हती. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग प्रथम झाला आणि २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना जाहीर होऊन पुढे तिच्याखाली असे काम देशभर सुरू झाले. तिच्यातून आजच्या घरांच्या हद्दी उत्तम मिळतात. घराचे नाव, बांधल्याचा काळ किंवा आधी तिथे काय होते, हे तिच्यात नसते. त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

६. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि तलाठ्याचा आठ-अ एकच ना?

एकच नाहीत, आणि या गोंधळाने पुष्कळांच्या चकरा वाया जातात. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही आहे; तिच्यात घर क्रमांक, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार आणि लांबी-रुंदी असते. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) यांच्याकडचा गाव नमुना आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या साऱ्या शेतजमिनीची गोळाबेरीज. इमारतींच्या शोधात पहिला उपयोगी. त्याच्या जुन्या वह्या ग्रामपंचायतीत शिल्लक असतील तर माती-धाब्याचे घर कौलारू कधी झाले आणि कौलावर पत्रा कधी आला, हे वर्षावर्षाने पाहता येते. अशा वह्यांची छायाचित्रे वेळीच घेऊन ठेवावीत. एका गावात मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पहिल्या खेपेस पाहिलेल्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या.

७. देऊळ, बारव, धर्मशाळा यांची माहिती कोणत्या कागदात असते?

देवळाला इनाम जमीन असेल तर माहिती तुलनेने सहज मिळते. गाव नमुना तीन ही दुमाला (म्हणजे इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही असून तिच्यात देवस्थान इनामे येतात, आणि अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचेच नाव धारक म्हणून लागलेले असते. त्यामागची सनद आणि इनाम कमिशनपुढील चौकशीचे कागद पुरालेखागारात शोधावेत. हे कमिशन १८५२ च्या कायद्याने कामाला लागले. देवस्थान १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले असल्यास धर्मादाय कार्यालयातून अनुसूची एकचा उतारा मिळतो. विहिरींसाठी गाव नमुना चौदा, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही, पाहावी. धर्मशाळा आणि चावड्या यांच्यासाठी १८८० च्या आसपास प्रसिद्ध झालेल्या जिल्हा गॅझेटिअरांतील गावांचे वर्णन वाचावे. मोठ्या आणि बाजाराच्या गावांबद्दल तिथे मजकूर आहे, लहान गावांबद्दल क्वचितच.

८. एकाच गावाचे किंवा शेताचे नाव प्रत्येक कागदात वेगळे लिहिले आहे. खरे कोणते?

जुने बरेच कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिले जातात, त्यामुळे "शिव" की "शीव" हा वाद त्या कागदावरून सोडवता येत नाही. त्यावर इंग्रजी कारकुनांच्या लेखनाची भर पडली: खडकीचे किर्की झाले, वसईचे बेसिन झाले, आणि मुंबईच्या टोकाला असलेल्या शिवेचे, म्हणजे हद्दीचे, सायन झाले. पुढे इंग्रजी नकाशावरून नाव परत मराठीत आणताना तिसरेच रूप तयार होते, आणि फलकावर तेच लागते.

माझा सल्ला असा, की एकही रूप रद्द करू नये. प्रत्येक रूप कोणत्या कागदात आणि कोणत्या साली आले ते लिहावे, आणि गावातील वयस्कर माणसे जसे उच्चारतात तसे वेगळे नोंदवावे. ऐकलेल्या उच्चाराला मी कागदाइतकेच वजन देतो, कारण कारकून बहुधा बाहेरगावचा होता.

९. बुद्रुक, खुर्द, कसबे, मौजे हे नावाचेच भाग समजायचे का?

बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतील थोरला आणि लहान या अर्थाच्या शब्दांवरून आले असून ते नावाचे भाग आहेत. जुन्या कागदांत ते बु॥ आणि खु॥ असे आखूड लिहिलेले दिसतात. पुण्याजवळ वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन वेगळी महसुली गावे आहेत, आणि हा शेपूट सोडून अर्ज केला तर दुसऱ्याच गावाचे कागद हातात पडतात. आज कोणते गाव मोठे आहे याचा त्या शब्दांशी संबंध राहिलेला नाही. मौजे म्हणजे खेडे आणि कसबे म्हणजे बाजाराचे ठाणे. हे दर्जे आहेत. "तर्फ" आले असेल तर ते गाव कोणत्या पोटविभागात होते हे कळते, म्हणून तेही टिपावे.

१०. कागदावरचे साल कळत नाही. १३१० साल कसे असेल?

तो बहुधा फसली सन, म्हणजे महसुली हिशेबाचा सन असतो. दख्खनच्या फसलीत सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३१० फसली हे १९०० च्या आसपासचे वर्ष. शकात ७८ मिळवावेत. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो: "खमस सितैन मया व अलफ" म्हणजे पाच, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६५, त्यात ५९९ मिळवून १७६४-६५ येते. हे वर्ष मृगाला सुरू होते, त्यामुळे महिना पाहूनच इसवी सन ठरवावा.

११. आमचे मूळ गाव धरणात गेले. तिथल्या घरांची नोंद कुठे राहिली असेल?

हा प्रश्न उजनी आणि कोयनेच्या काठची माणसे विचारतात. येथे एक विलक्षण गोष्ट आढळते: गावठाणातील घरांची जी नोंद मोजणीने कधी केली नाही, ती भूसंपादनाने केली, कारण प्रत्येक घराची भरपाई द्यायची होती. संयुक्त मोजणीची पत्रके आणि निवाडा यांत घर, त्याचे बांधकाम, विहीर आणि झाडे यांची यादी व मूल्यांकन असते. निवाड्याची प्रत जिल्ह्याच्या भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेतून मागावी. जुन्या शेतांसाठी बुडण्यापूर्वीचा गावनकाशा भूमि अभिलेखाकडे असतो.

ज्या इंदापूर तालुक्यात १८३६ ची मोजणी सुरू झाली, त्याच तालुक्यातले जुने पळसदेव उजनीच्या पाण्याखाली आहे, आणि पाणी फार खाली गेले की तिथले पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. अशा वेळी तिथे जाणाऱ्यांनी छायाचित्रांबरोबर देवळाभोवतीच्या घरांचे चौथरे कोणाचे, हे सांगू शकणारी माणसे सोबत न्यावीत. ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.

१२. मराठवाडा, विदर्भ आणि कोकणात काय वेगळे आहे?

मराठवाड्यातील कागद हैदराबाद संस्थानचे, पुष्कळसे उर्दूत आणि मोडीत. १९५४-५५ च्या सुमाराची खासरा पत्रके तिथे फार उपयोगी पडतात. वऱ्हाडात मोजणी मुंबईच्या धर्तीवर झाली. नागपूरकडच्या जिल्ह्यांत १९५१ पर्यंत मालगुजारी (गावाचा सारा मालगुजाराने गोळा करून भरण्याची पद्धत) होती, आणि तिथली बंदोबस्ताची मिसल, निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज हे कागद नावांच्या शोधासाठी सोन्यासारखे आहेत, कारण त्यांत वाटा, चराऊ राने आणि तळी यांवरील गावाच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात. कोकणात गाव एका जागी वसलेले नसून वाड्यांत विखुरलेले असते, म्हणून नकाशावर एका गावठाणाचा शोध घेऊ नये. प्रत्येक वाडी स्वतंत्र पाहावी.

कागदात गाव आहे पण जागेवर घर नाही, असेही होते. अशा गावांना बेचिराख, तर विदर्भात रिठी म्हणतात. त्यांना सर्व्हे नंबर आणि आकारबंद असतो, जमीन शेजारच्या गावचे लोक कसतात. अशा गावाचा अभिलेख मोडीत काढलेला नसतो, त्यामुळे मागायला संकोच करू नये.

१३. शेताच्या नावावरून इतिहास सांगता येतो का? आणि नाव जातिवाचक असेल तर?

जमिनीचा पोत सांगणारी नावे बहुधा विश्वासार्ह असतात: चोपण, मळई, लवण, माळ, टेक. "मळा" असेल तर विहिरीचे पाणी कधीतरी होते. "पांढरीचे शेत" हे नाव दिसले की मी त्या जागेवर जाऊन पाहतोच, कारण तो जुन्या वस्तीचा पुरावा असू शकतो. शिरूर तालुक्यातील इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या अशाच पांढरीच्या टेकाडांत सापडल्या आहेत. याउलट राजा, राणी, लढाई आणि खजिना यांच्या गोष्टी सांगणारी नावे अनेकदा नावानंतर रचलेल्या कथा असतात. कथा जरूर लिहावी, पण कथा म्हणूनच लिहावी.

जातींच्या नावाने असलेल्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, आणि तो योग्यच आहे. फलकावर, पत्त्यात आणि बोलण्यात नवे नाव वापरावे. संशोधनाच्या वहीत मात्र जुने नाव कागद आणि सालासह राहू द्यावे. हाडकी-हाडोळ्यासारख्या नावांतून कोणत्या समाजाला कोणत्या सेवेसाठी कोणती जमीन दिली गेली आणि पुढे ती त्यांच्या हातून कशी गेली, हे कळते. तो पुरावा पुसला तर नुकसान त्याच समाजाचे होईल.

१४. या नोंदी मालकीचा पुरावा म्हणून चालतील का?

नावे आणि इमारती यांचा शोध वेगळा आणि हक्काचा वाद वेगळा. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद असून त्याने मालकी सिद्ध होत नाही. शेताचे स्थानिक नाव कोणाच्या आडनावावरून पडले म्हणून ते शेत त्याचे ठरत नाही. अशा कामासाठी वकिलांचा सल्ला घ्यावा.

१५. कागदात काहीच मिळाले नाही. आता काय करावे?

तोंडी नावे गोळा करावीत, आणि ते काम या हंगामातच सुरू करावे. गावनकाशाची मोठी प्रत घेऊन बांधावरून चालत जावे. घरात बसून विचारले की दहा नावे आठवतात, शेतात उभे राहिले की पन्नास. गुरे राखलेली माणसे आणि खुरपणीला सगळ्या शिवारात गेलेल्या बायका यांना पाटील-सावकारांपेक्षा अधिक नावे ठाऊक असतात. सासरी आलेल्या बाईने सांगितलेले नाव तिला सासूकडून मिळालेले असते, म्हणजे ते आणखी एक पिढी मागे जाते. प्रत्येक नावापुढे गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, सांगणाऱ्याचे वय, तारीख आणि त्याच्याच शब्दांतला खुलासा लिहावा. पडलेल्या वाड्यांसाठी चौथऱ्याचे माप आणि शेजारच्या घरांची नावे घ्यावीत. सांगणाऱ्याची परवानगी असेल तर आवाज ध्वनिमुद्रित करावा, कारण उच्चार लिहून नीट उतरत नाही. पूर्ण झालेल्या यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणाकडे तरी ठेवावी.